घरी शेवटच्या टप्प्यातील रुग्णाची सेवा करताना सहाय्यक परिचारिकेने किती बोलावे आणि किती करावे?

प्रश्न : होंडा-सत्तरीची एएनएम

मी एएनएमचा (सहाय्यक परिचारिका व प्रसविका) दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून बराच काळ रुग्णालयाच्या वॉर्डात काम केले आणि आता घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्यासाठीची शुश्रूषा, देणाऱ्या एका पथकात रुजू झाले आहे. डॉक्टर ठरावीक दिवशी येतात, जीएनएम (माझ्याहून वरचा परिचर्या अभ्यासक्रम) झालेल्या सिस्टर गरजेप्रमाणे येतात आणि रोजचे काम, म्हणजे अंग पुसणे, कूस बदलणे, जखमेचे ड्रेसिंग, तोंडाची स्वच्छता, गोळ्यांच्या वेळा पाहणे आणि हे सगळे घरच्यांच्या हाताला बसवणे, माझ्याकडे असते. आमचे बहुतेक रुग्ण कर्करोगाचे आहेत. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात उपचार होऊन, आता रोगावर इलाज करण्यासारखे काही उरले नाही असे कळल्यावर घरी आलेले. काही जण मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे जुने आजारी आहेत आणि थोडे पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले आहेत.

कामाची मेहनत मला जड जात नाही. अडचण येते ती बोलण्याची. वॉर्डात नातेवाइकांनी काही विचारले तर "डॉक्टर राउंडला आले की विचारा" असे सांगून पुढच्या खाटेकडे वळता येते. घरात पुढची खाट नसते. एका घरी मुलांनी मला उंबऱ्यावरच थांबवून सांगितले की आईला कर्करोगाचे कळू द्यायचे नाही, पोटात गाठ आहे एवढेच तिला माहीत आहे. त्याच बाई, मी त्यांची पाठ पुसत असताना, भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "बाय, खरे सांग, मी ह्यातून उठणार काय?" मुलगा दाराशी उभा होता. अशा वेळी माझ्यासारखीने काय म्हणावे?

दुसरा प्रश्न "आणखी किती दिवस?" हा असतो. चवथ जवळ आली की तो फार येतो, कारण मुंबईची माणसे कधी बोलवायची आणि सुतक आले तर गणपतीचे काय करायचे, हे सारे त्या उत्तरावर अडलेले असते. शिवाय जेवण सुटले की वडीलधारी माणसे सलाईन लावायचा आग्रह धरतात आणि नाही म्हटले तर "उपाशी ठेवून मारता काय?" असे म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही, पण पटेल असे उत्तरही देता येत नाही.

शेवटची शंका माझ्या अधिकाराविषयी आहे. मी घरात एकटी असताना वेदना वाढलेल्या दिसल्या, सिस्टरचा फोन लागत नाही आणि डोंगराकडच्या वाड्यावर रेंजही नाही, अशा वेळी मॉर्फिनची जादा गोळी द्यायला मी सांगावे की नाही? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : फोंड्याच्या निवृत्त सिस्टर

ताई, तुमचा पहिला प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

रुग्ण ही गोष्ट डॉक्टरांना न विचारता तुम्हाला विचारतो, याला कारण असते. डॉक्टर आले की घरातली सगळी माणसे खोलीत जमतात. तुमच्याबरोबर रुग्ण बहुधा एकटा असतो, आणि पाठ पुसून घेताना कुणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नसल्यामुळे मनातले ओठांवर येते. म्हणून हा प्रश्न टाळू नये आणि त्याचे घाईने उत्तरही देऊ नये. हातातले काम पुरे करावे, अंगावर पांघरूण घालावे, समोर येऊन बसावे आणि विचारावे, "आज असे का वाटले तुम्हाला?" पुढे जे येईल ते ऐकावे. माझ्या अनुभवात फार थोड्या माणसांना रोगाचे नाव हवे असते. कुणाला दुखणे वाढेल याची भीती असते, कुणाला घरावर होणाऱ्या खर्चाची, एखाद्या बाईला लग्न न झालेल्या मुलीची काळजी असते. भीती कळली की तिच्यावर बोलता येते. "दुखणे वाढले तर त्यावर औषध आहे आणि ते आमच्याकडे आहे" हे वाक्य तुम्ही निःशंकपणे बोलू शकता, कारण ते खरे आहे.

निदान सांगणे किंवा रोग कुठवर पसरला हे सांगणे तुमचे काम नाही. ते डॉक्टरांचे आहे. परंतु खोटे बोलणेही तुमचे काम नाही. "काही होत नाही, महिन्याभरात चालायला लागाल" असे म्हणणाऱ्या माणसावर रुग्णाचा विश्वास उरत नाही, कारण आपले शरीर काय सांगते आहे हे त्याला आपल्या आधी कळलेले असते. त्याऐवजी "याचे नीट उत्तर सिस्टर किंवा डॉक्टर देतील, तुम्ही मला हे विचारलेत असे त्यांना सांगू का?" असे विचारून, होकार घेऊन, त्याच दिवशी ते कळवावे. त्याच दिवशी, यावर माझा जोर आहे. असा प्रश्न विचारायला माणसाने बरेच दिवस मनाची तयारी केलेली असते आणि आठवडाभर कुणी आलेच नाही तर तो पुन्हा विचारत नाही.

मुलांशी वाद घालू नये. आईला धक्का बसेल म्हणून ते लपवतात आणि त्यांची माया खरी असते. बाहेरच्या ओसरीवर बसवून त्यांना एवढेच विचारावे, "आई एकटी असताना कशाची काळजी करते, हे तुम्हाला तिने कधी सांगितले आहे का?" पुष्कळदा तेवढ्याने दार उघडते, आणि मग सिस्टर व डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बसवून बोलण्याची वेळ ठरवता येते.

"किती दिवस?" याला आकडा कधीही देऊ नका. मात्र "देवाला ठाऊक" म्हणून सोडूही नका, कारण घरच्यांना खरोखरच निर्णय घ्यायचे असतात. या क्षेत्रात एक ठोकताळा वापरतात : प्रकृतीत महिन्यागणिक फरक पडत असेल तर हातात महिने असतात, आठवड्यागणिक पडत असेल तर आठवडे, आणि रोज पडत असेल तर दिवस. "मागच्या सोमवारी त्या खुर्चीत बसत होत्या, आता कूस बदलायलाही दोघे लागतात, हा बदल मी सिस्टरना सांगितला आहे" इतके तुम्ही सांगू शकता, कारण ते तुमचे स्वतःचे निरीक्षण आहे. चवथीची चौकशी करणाऱ्यांना माझे उत्तर ठरलेले असे : ज्यांना भेटायचे आहे त्यांनी माणूस बोलतो-ओळखतो आहे तोवर यावे, सणाची वाट पाहू नये.

जेवणाविषयी. शरीर मिटू लागले की अन्न पचवण्याची ताकद जाते आणि त्याबरोबर भूकही जाते. माणूस जेवत नाही म्हणून मरत नसतो, तर मृत्यू जवळ आल्यामुळे जेवण सुटलेले असते. झोपेत किंवा ग्लानीत असलेल्याच्या तोंडात पेज ओतली तर ती श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो आणि न्यूमोनियाही होऊ शकतो. परंतु नुसते "भरवू नका" म्हटल्याने घरच्यांचे हात रिकामे होतात आणि तीच त्यांची खरी व्यथा असते. त्यांना करण्यासारखे दुसरे काम द्या. रुग्ण जागा असेल, गिळत असेल, तर पाठ-मान उंच करून पेजेची निवळ किंवा कोकमाचे तिवळ चमचा-चमचा देता येते. (शहाळ्याचे पाणी मूत्रपिंडाच्या रुग्णांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असते.) गिळता येत नसेल तर स्वच्छ मऊ कापड बोटाला गुंडाळून, पाण्यात भिजवून व पिळून, जीभ, हिरड्या आणि गालांची आतली बाजू दर दोन तासांनी पुसायला शिकवा आणि ओठांना किंचित व्हॅसलिन लावायला सांगा. शेवटच्या दिवसांत कोरड्या तोंडाचा त्रास सलाईनने जात नाही, तो अशा पुसण्याने कमी होतो. हृदय आणि मूत्रपिंडे थकलेली असताना शिरेतून दिलेले पाणी पायांवर सूज आणते आणि छातीतला कफ वाढवते. अर्थात सलाईन कधीच नको असे नाही. उलट्या-जुलाबांनी शोष पडला असेल तर डॉक्टर ते देतील, कधी त्वचेखालून सावकाश देण्याचाही मार्ग असतो. तो निर्णय त्यांचा.

मॉर्फिनचे आता सांगते. तोंडाने घ्यायची साधी गोळी सुमारे चार तास काम करते, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची असते; "दुखेल तेव्हा घ्या" असे सांगितले की रुग्ण सदैव दुखण्याच्या मागे धावत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांनी औषध वाढवण्याची जी पद्धत सांगितली, तिच्यातही वेळेवर औषध देण्यावर भर होता. या गोळीने बद्धकोष्ठ होतेच, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध लिहिलेले आहे का हे पहिल्या भेटीत पाहा. सुरुवातीची गुंगी दोन-तीन दिवसांत बहुधा ओसरते. मात्र लघवी कमी झाली असेल, हातपाय झटके देत असतील, हाक मारूनही माणूस जागा होत नसेल किंवा श्वास फार मंद झाला असेल, तर पुढची गोळी देण्याआधी सिस्टर किंवा डॉक्टरांशी बोलणे झालेच पाहिजे.

जादा गोळीचा निर्णय तुम्ही वाड्यावर उभ्या राहून घ्यायचा नसतो. तो आधीच कागदावर उतरलेला असायला हवा. मध्येच वेदना उसळली तर कोणती गोळी, किती, किती वेळाने पुन्हा आणि कितव्यांदा लागली तर कळवायचे, हे डॉक्टरांनी लिहून, सही करून, रुग्णाच्या फाईलमध्ये ठेवलेले असेल तर घरचे लोक तो डोस देतात आणि तुम्ही तो नीट दिला जातो हे पाहता. तो कागद नसेल तर पुढच्या बैठकीत तो मागा. रेंज नसलेल्या प्रत्येक घरासाठी मागा.

उत्तर : स्विंडनकर गोंयकार्न

मी मूळची बार्देशची, सध्या इंग्लंडमध्ये स्विंडनला असते आणि घरी मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णांसाठी नर्सिंग असोसिएट म्हणून काम करते. हे पद इंग्लंडमध्ये हेल्थकेअर असिस्टंट आणि नोंदणीकृत नर्स यांच्यामधील जागा भरण्यासाठी निर्माण झाले. त्यासाठी दोन वर्षांचे शिक्षण असते आणि जानेवारी २०१९ पासून त्याची नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे होते. तुमच्या आणि माझ्या कामाची चौकट कायद्याने वेगळी आहे, तरी तुमच्या शेवटच्या शंकेला माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

आमच्याकडे रेषा अशी आखलेली आहे की रुग्णाचे मूळ मूल्यमापन करून शुश्रूषेची योजना नर्स ठरवते. त्या योजनेप्रमाणे शुश्रूषा देणे आणि प्रकृतीवर लक्ष ठेवणे ही नर्सिंग असोसिएटची जबाबदारी असते. लक्ष ठेवणे हे दुय्यम काम नव्हे. नर्स ज्या घरी अधूनमधून जाते, तिथे मी जास्त वेळा जाते, त्यामुळे बदल पहिल्यांदा माझ्याच नजरेस पडतो. तो मी कसा कळवते यावर पुढचे सारे अवलंबून असते. "पेशंट बरा दिसत नाही" असे फोनवर सांगितले तर पलीकडच्या व्यक्तीला काहीच करता येत नाही. आम्हाला ठरावीक क्रमाने बोलायला शिकवतात : आता काय घडते आहे, आधीची स्थिती काय होती, मला काय दिसले, आणि मला तुमच्याकडून काय हवे. "कूस बदलताना कालपर्यंत कण्हत नव्हते, आज कपाळाला आठ्या पडतात आणि हात झटकतात, जादा डोस दिला पण तासाभराने फरक नाही, आज संध्याकाळपर्यंत तुम्ही येऊन पाहावे" असा निरोप गेला की सिस्टर काय करायचे ते ठरवू शकते. रेंजची अडचण असेल तर हाच निरोप वहीत लिहून, तिचा फोटो काढून, रेंज मिळताच पाठवता येईल.

इथे आणखी एक सोय आहे जी गोव्यात थोड्या फरकाने करता येईल. शेवटचे दिवस जवळ आल्याची चिन्हे दिसू लागली की वेदना, घालमेल, मळमळ आणि छातीतली घरघर यांवरची औषधे डॉक्टर आगाऊ लिहून देतात आणि ती रुग्णाच्या घरी एका डब्यात ठेवलेली असतात, म्हणजे मध्यरात्री औषधासाठी धावावे लागत नाही. गिळणे बंद झाले की सिरिंज ड्रायव्हर नावाच्या छोट्या पंपातून बहुधा चोवीस तासांची औषधे त्वचेखालून जातात. तो भरणे-लावणे यात नर्सिंग असोसिएटने किती भाग घ्यायचा हे त्या त्या संस्थेच्या धोरणावर आणि झालेल्या प्रशिक्षणावर ठरते. पण सुईची जागा लाल झाली आहे का, पंपाचा दिवा लागतो आहे का, आणि सिरिंजमध्ये उरायला हवे तेवढेच औषध उरले आहे का, हे आम्ही प्रत्येक भेटीत पाहतो आणि लिहितो.

सिस्टरनी पाण्याविषयी जे लिहिले आहे त्याला एक जोड देते. इथे पूर्वी मृत्यूपूर्व शुश्रूषेची लिव्हरपूल केअर पाथवे नावाची एक ठरलेली पद्धत होती. काही ठिकाणी ती यांत्रिकपणे वापरली गेली, आपल्या माणसाला पाणीसुद्धा दिले नाही अशा नातेवाइकांच्या तक्रारी आल्या, २०१३ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला आणि ती पद्धत बंद करण्यात आली. त्यानंतर ठरलेली दिशा अशी की पिण्याची इच्छा आहे आणि गिळता येते आहे अशा माणसाला पाणी मिळालेच पाहिजे आणि ही स्थिती रोज नव्याने तपासली पाहिजे. म्हणून "आता काही द्यायचे नाही" असा नियम तुम्ही कोणत्याही घराला लावून देऊ नका. कालचा ग्लानीतला माणूस आज सकाळी डोळे उघडून पाणी मागू शकतो.

उत्तर : डिचोलीचा एक मुलगा

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझ्या वडिलांना गालाचा कर्करोग होता आणि त्यांचे शेवटचे महिने घरीच गेले. आमच्याकडे येणाऱ्या सहाय्यक ताईंनी जे केले ते इथे लिहितो, कारण घरच्यांना काय उपयोगी पडते हे आपल्यासारख्यांना कळावे असे वाटते.

गालावरची जखम फुटली होती आणि तिला इतकी दुर्गंधी येत असे की नातवंडे खोलीत येत नसत. बाबांना ते कळत होते आणि म्हणून ते स्वतःच दार लोटून घ्यायला सांगत. ताईंनी पहिल्याच दिवशी चिकटलेली पट्टी ओढली नाही. सलाईनच्या पाण्याने ती भिजवली, सैल होईपर्यंत थांबल्या आणि मग उचलली. डॉक्टरांना विचारून त्यांनी मेट्रोनिडॅझोल या जंतूंवरच्या औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाकायला सुरुवात केली. काही दिवसांत वास बराच कमी झाला आणि मुले पुन्हा आजोंजवळ बसून अभ्यास करू लागली. औषधाने रोग हटला नव्हता, पण घर पुन्हा एका खोलीत आले.

दुसरी गोष्ट औषधांच्या वेळांची. आम्ही तिघे भावंडे पाळीने जागत होतो आणि कुणी कोणती गोळी दिली याचा घोळ होत असे. ताईंनी भिंतीवरचे कालनिर्णय खाली काढले आणि त्या महिन्याच्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकटीत मॉर्फिनच्या वेळा लिहून ठेवल्या. गोळी देणाऱ्याने त्या वेळेवर काट मारून आपले अद्याक्षर लिहायचे. जादा गोळी दिली तर लाल पेनाने. डॉक्टर आले की त्या पानावर एक नजर टाकून त्यांना सारे कळत असे आणि त्यावरून त्यांनी एकदा डोस वाढवलाही.

तुम्ही विचारता की किती बोलावे. आम्हाला त्यांच्या बोलण्यातले सर्वांत मोलाचे वाटले ते हे की त्यांनी घरघरीबद्दल आधी सांगून ठेवले. "शेवटी घशात आवाज येईल, तुम्हाला ऐकवणार नाही, पण त्या वेळी ते शुद्धीत नसतील आणि त्यांना गुदमरल्याचा त्रास होत असेल असे समजू नका, एका कुशीवर करा, डोके थोडे उंच ठेवा." तसेच झाले. आधी कळले नसते तर आम्ही त्यांना रात्री गाडीत घालून धावलो असतो.

प्रश्नकर्तीची पुढील शंका

सर्वांचे मनापासून आभार. जादा डोसचा लेखी कागद मागायचा हे मी आजच सिस्टरच्या कानावर घातले आहे आणि कालनिर्णयाची युक्ती उद्यापासूनच वापरणार आहे. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली. आमच्या भागात जीव जाण्याच्या वेळी माणसाला खाटेवरून भुईवर घेतात. कुणी तरी ज्येष्ठ "आता खाली घ्या" म्हणतो आणि चार जण घाईने उचलतात. पाठीच्या मणक्यात रोग उतरलेल्या एका आजीला असे उचलताना त्या कळवळल्या. मी मध्ये पडावे की पडू नये?

उत्तर : फोंड्याच्या निवृत्त सिस्टर

जरूर पडावे, पण उचलण्याच्या क्षणी नव्हे. ही प्रथा मोडायला सांगणे योग्य नाही आणि त्याची गरजही नाही. घरच्यांशी दोन-चार दिवस आधी बोला आणि विचारा की तुमच्याकडे भुईवर घेतात काय. घेत असतील तर खाटेवरची गादीच आधी जमिनीवर आणता येते आणि रुग्ण शेवटचे दिवस तिथेच राहू शकतो. कुणालाही घाई करावी लागत नाही. तसे नको असेल तर मणक्यात किंवा मांडीच्या हाडात रोग आहे का हे सिस्टरकडून विचारून घ्या, अंगाखाली जाड चादर आधीच घालून ठेवा, आणि चौघांनी चादरीचे कोपरे व एकाने डोके-मान धरून, एकाच्या सांगण्यावर एकदम उचलायचे, हे त्यांना रिकाम्या चादरीने दाखवा. गिळता येत असेल आणि जादा वेदनाशामक लिहून ठेवलेले असेल तर ते हलवण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायला सांगा.

गंगाजळ आणि तुळशीपत्राचेही असेच. गिळता येत नसेल तर पाण्याचा थेंब ओठांवर टेकवावा आणि पान ओठांवर ठेवावे, आत ढकलू नये. घरच्यांना हे हळू आवाजात सांगितले की ते ऐकतात. ख्रिस्ती घरांत पाद्रींना शेवटच्या घटकेला बोलावण्याची सवय दिसते. खरे तर आजाऱ्याचा अभिषेक (पवित्र तेल लावून करायचा विधी) हा माणूस शुद्धीत असताना, त्याला प्रार्थनेत भाग घेता येईल अशा वेळी झालेला बरा, आणि पाद्रीही तेच सांगतात. भेटीला आलेल्या सहाय्यकेने "पाद्रींना बोलावले काय?" एवढे विचारले तरी पुरते.

पावसाळ्यासाठी एक सूचना. हवेची गादी विजेवर चालते आणि सत्तरीत वीज जाते तेव्हा ती बसते. रुग्ण मग फळीवर निजल्यासारखा होतो आणि रात्रभरात पाठीला जखम होऊ शकते. तिच्याखाली कापसाची जाड गादी असू द्या आणि वीज गेली की कूस बदलण्याचे अंतर कमी करायला घरच्यांना सांगून ठेवा. ऑक्सिजनचे यंत्र असेल तर भरलेला सिलिंडर घरात आहे का, हे जून उजाडण्यापूर्वी पाहा.

उत्तर : बार्देशमधील डॉक्टर

वरच्या उत्तरांत कागदपत्रांचा भाग राहिला आहे, तो थोडक्यात लिहितो, कारण मृत्यूनंतर कुटुंबाची सर्वाधिक ओढाताण तिथेच होते आणि आधी विचारायला त्यांच्यासमोर सहाय्यक परिचारिकाच असते.

रुग्णाने रुग्णालयात जायचे नाही, छातीवर दाब देऊन हृदय चालू करण्याचा प्रयत्न करायचा नाही असे ठरवले असेल, तर ते पथकाच्या डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहिलेले असावे आणि रात्री कुणाला फोन करायचा तो क्रमांक भिंतीवर असावा. घाबरून १०८ ला फोन गेला की येणारी माणसे जीव वाचवण्यासाठी आलेली असतात आणि त्यांना तेच करावे लागते. शुद्धीत असलेला प्रौढ रुग्ण स्वतः उपचार नाकारू शकतो. पुढे शुद्ध हरपली तर आपली इच्छा पाळली जावी असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी वैद्यकीय इच्छापत्राची सोय आहे : सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, त्यामुळे आता ते दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र करून याची सुरुवात करून दिली. प्रत्येक रुग्णाला ते करायला सांगावे असे माझे म्हणणे नाही. पण कुणी "मला नळ्या लावू नका" असे तुमच्याजवळ बोलले तर ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून आमच्यापर्यंत पोहोचवा.

मॉर्फिनचा साठा हाही कागदांचाच विषय आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले, तरी प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवावाच लागतो. रुग्ण गेल्यानंतर उरलेल्या गोळ्या घरात राहू देऊ नयेत आणि तुम्ही स्वतः पिशवीत घालूनही आणू नयेत. त्या मोजून, नोंद करून, घरच्यांच्या सहीने पथकाकडे कशा परत यायच्या हे सिस्टरनी ठरवून दिलेले असावे.

घरी मृत्यू झाल्यास ज्या डॉक्टरांनी रुग्णाला अखेरच्या आजारात तपासले आहे त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र नमुना ४-अ मध्ये घ्यायचे असते. त्यासाठी पैसे लागत नाहीत. ते घेऊन पंचायतीत किंवा पालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करावी. अंत्यसंस्कारानंतर लोक दिवसकार्यात गुंततात आणि ही मुदत निघून जाते, मग बँक, विमा आणि जमिनीच्या कामांसाठी दाखला मिळवताना त्रास होतो. म्हणून मृत्यूनंतरच्या भेटीला जाल तेव्हा नोंद झाली का हे विचारा, आणि झाली नसेल तर घरातल्या कोणाला पंचायतीत पाठवायचे ते त्यांच्याकडून तिथेच ठरवून घ्या.